दहा बाय दहाची खोली, मागे फ्रिज आणि कॅलेंडर: मुलाखतीत बॅकग्राउंड ब्लर कसं करायचं?

कांडीवाला, वडगाव

नमस्कार मंडळी. बेळगावातल्या वडगाव, खासबाग, जुनं शहापूर या भागात हातमागावर आयुष्य काढलेली म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांच्या आठवणी व्हिडिओवर घ्यायचं काम मी आणि माझा मामेभाऊ सुट्टीच्या दिवशी करतो. माणसं बोलायला एका पायावर तयार असतात. धोटा (आडवं सूत नेणारा) कसा मारायचा, ताणा (मागाचं उभं सूत) गल्लीत कसा घालायचे, शहापूर सांगली संस्थानात होतं तेव्हाच्या बापाकडनं ऐकलेल्या गोष्टी, सगळं सांगतात. अडचण आहे ती खोलीची.

परवा एका आज्जांकडे गेलो होतो. खोली दहा बाय दहा. एका भिंतीला स्टीलची मांडणी, तिच्या शेजारी फ्रिज, फ्रिजवर क्रोशाचं झाकण आणि त्याच्यावर बिस्किटाचा पत्र्याचा डबा. वर हार घातलेले दोन फोटो आणि कॅलेंडर. खुर्ची ठेवायला जागा तेवढीच, म्हणून आज्जांना त्याच भिंतीला टेकून बसवलं आणि मी समोरच्या भिंतीला पाठ लावून कॅमेरा धरला. घरी येऊन बघतोय तर सगळंच ठळक. आज्जांच्या सुरकुत्या दिसतात तशीच कॅलेंडरवरची संकष्टी पण वाचता येते. आईला दाखवलं तर ती पहिलं काय म्हणाली? "तो डबा आमच्याकडे पण होता की रे." आज्जा अर्धा तास जीव तोडून बोलतायत आणि बघणाऱ्याचं लक्ष डब्यावर.

कॅमेरा सोनीचा झेडव्ही-ई१०, त्याच्याबरोबर आलेली १६-५० ची किट लेन्स. एक छोटा एलईडी पॅनेल, कॉलरचा माइक आणि ट्रायपॉड. कॅमेऱ्यावर बॅकग्राउंड डिफोकसचं बटण आहे, ते दाबलं की काही म्हणजे काही होत नाही. मामेभावाच्या फोनवर सिनेमॅटिक मोड लावून बघितला. मागची भिंत झकास विरघळली, पण आज्जांनी हातात धरलेल्या कांडीचं (सूत गुंडाळलेली नळी) सूत अर्धं गायब आणि चष्म्याची काडी कानाजवळ पोचायच्या आधीच संपते.

एका दुकानदारानं ८५ एफ १.८ ची लेन्स घ्यायला सांगितलंय. दुसरा एक जण म्हणतो फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घेतल्याशिवाय होणारच नाही. माझ्याकडे पैसे एका लेन्सपुरते आहेत, आणि तेही जपून. काय करू?


लग्नसराई, चिकोडी

डोळे झाकून ८५ घ्या. आम्ही लग्नात नवरानवरीचे सगळे फोटो ८५ वरच काढतो. मागचा मंडप, खुर्च्या, जेवायला बसलेली पंगत, सगळं लोण्यासारखं. दुसरी लेन्स हातात धरावीशी वाटत नाही.


व्हीएचएसवाला, शहापूर

लग्नसराई, तुमचा मंडप ऐंशी फूट लांब असतो ओ. ह्यांचे आज्जा दहा फुटांत बसलेत.

कांडीवाले, दुकानात जायच्या आधी टेप काढा. गवंड्याची चालेल, शिंप्याची चालेल. दहा फुटांच्या खोलीत ट्रायपॉडचे पाय आणि त्याच्या मागे तुम्ही, यात दोन फूट जातात. माझ्यासारखं पोट असेल तर अडीच. राहिले आठ. आता तुमच्या सोनीचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, रुंदीला साधारण २३.५ मिलिमीटर. मुलाखतीत माणूस डोक्यापासून छातीपर्यंत घ्यायचा, दोन्ही बाजूला थोडी मोकळी जागा सोडायची, म्हणजे फ्रेमची रुंदी पाऊण मीटर धरू. एवढी फ्रेम मिळवायला ८५ ची लेन्स माणसापासून नऊ फूट लांब न्यावी लागते. ५० ची साडेपाच फूट. ३५ ची चारच्या आसपास. आठ फुटांत नऊ फूट कुठनं आणणार? शेजाऱ्याच्या भिंतीला भोक पाडून? ८५ नं त्या खोलीत आज्जांचं नाक आणि अर्धा चष्मा मिळेल, आज्जा मिळणार नाहीत.

आता ब्लर येतो कुठनं ते बघा, कारण इथंच सगळे फसतात. एफ नंबर लहान म्हणजे ब्लर जास्त, एवढंच पाठ असतं. खरं काम लेन्सच्या भोकाचं. फोकल लेंथला (लेन्सवरचा ३५, ५०, ८५ हा मिलिमीटरचा आकडा) एफ नंबरनं भागलं की भोकाचा व्यास मिळतो. ५० एफ १.८ म्हणजे २८ मिलिमीटर. ३५ एफ १.८ म्हणजे १९. तुमची किट लेन्स ५० वर नेली की तिचं अ‍ॅपर्चर, म्हणजे तेच भोक, एफ ५.६ च्या पुढं उघडतच नाही, म्हणजे भोक ९ मिलिमीटर. म्हणूनच ते डिफोकसचं बटण दाबून काही होत नाही. ते बटण अ‍ॅपर्चर पूर्ण उघडतं, दुसरं काही करत नाही. तुमचं आधीच पूर्ण उघडलेलं आहे.

फोनवरही एफ १.८ लिहिलेलं असतं, पण त्या लेन्सची खरी फोकल लेंथ सहा-सात मिलिमीटरची. भोक साडेतीन-चार मिलिमीटर. म्हणून फोनला हिशेब करून खोटा ब्लर लावावा लागतो, आणि सूत कुठलं, भिंत कुठली हे त्याला समजत नाही. आयफोन १३ बरोबर २०२१ ला तो मोड आला तेव्हापासून बघतोय, सुधारलाय खूप, पण केस, चष्मा, सूत या तिघांपुढं अजून अडखळतो. विणकरांच्या मुलाखतीला तो नकोच.

तर भोक झालं. दुसरा भाग अंतराचा. माणसापासून मागच्या भिंतीपर्यंत किती, याला कॅमेऱ्यापासून भिंतीपर्यंतच्या सगळ्या अंतरानं भागायचं आणि भोकाच्या व्यासानं गुणायचं. जे येईल तेवढा मोठा डाग भिंतीवरच्या प्रत्येक ठिपक्याचा होतो, आज्जांच्या चेहऱ्याच्या मापात. तुमचं परवाचं काढू. भोक ९, आज्जांच्या मागे भिंत एक फूट, एकूण आठ फूट. आलं किती? जेमतेम १ मिलिमीटर. संकष्टी वाचता येणारच की.

आता लेन्स तीच ठेवा, पैसा खर्च करू नका, फक्त आज्जांची खुर्ची तीन फूट पुढं ओढा. म्हणजे कॅमेरा आणि भिंत यांच्या मधोमध. तेच ९ चं भोक, पण आता साडेचार मिलिमीटरचा डाग. फुकटात चौपट. फ्रेम जरा घट्ट होईल, ती किट लेन्स ३५-४० वर आणून सैल करता येते, ब्लर थोडा कमी होईल एवढंच. पण डब्यावरचं नाव जाईल.

मधोमध हे मी अंदाजानं सांगत नाही. खोलीची लांबी ठरलेली आणि फ्रेम ठरलेली असली की लांब लेन्स लावून भोक वाढतं, पण कॅमेरा मागं न्यायला जागा नसते म्हणून माणूस भिंतीकडं सरकतो आणि मागचं अंतर कमी होतं. एका हातानं मिळालं ते दुसऱ्या हातानं गेलं. दोन्हीचा गुणाकार सगळ्यात मोठा येतो तो माणूस मधे असताना. म्हणून तुमच्या आठ फुटांत ३५ एफ १.८ नं दहा मिलिमीटरचा डाग मिळतो आणि ५० एफ १.८ नं नऊच्या आतला. लहान लेन्स जास्त ब्लर देते! दुकानदाराला सांगून बघा, हसेल. कागदावर करून दाखवा, मग चहा मागवेल.

पण थांबा, ३५ घ्यायला लगेच पळू नका. खोलीत तिरकं बसा. दहा बाय दहाचा कर्ण चौदा फूट. एका कोपऱ्यात तुम्ही, समोरच्या कोपऱ्याकडं पाठ करून आज्जा. कोपरे कापून गेले तरी साडेअकरा फूट हाताला लागतात. तिथं ५० पुढं जाते, साडेचौदा मिलिमीटर, ३५ पावणेतेरावर राहते. शिवाय मागं सपाट भिंत नसून दोन भिंतींचा कोपरा येतो, त्यात आपोआप थोडी खोली दिसते. सिग्माची ३० एफ १.४ पण तुमच्या कॅमेऱ्याला बसते, सरळ खोलीत तिचा ब्लर ३५ पेक्षा जास्त. फक्त तिच्यासाठी तीन-सव्वातीन फुटांवर जाऊन बसावं लागतं. एवढ्या जवळनं नाक मोठं दिसतं, आणि समोरचं माणूस पण अवघडतं. आज्जीबाई असतील तर बघायलाच नको.

आता शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. तुमची खोली लहान आहे, घर लहान नाही. वडगावातली आणि शहापुरातली जुनी घरं कशी आहेत? रुंदीला हात पसरले तर दोन्ही भिंती लागतील, पण आत जाल तसं जातच राहता. सोपा (पुढची खोली), माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, मग परसू (मागचं अंगण). बऱ्याच घरांत दारं एका रेषेत. दाराशी उभं राहिलं तर मागचं तुळशीचं वृंदावन दिसतं. तुम्ही सोप्यात उभे राहा, आज्जांना माजघरात दारापासून थोडं आत बसवा, आणि दारातनं शूट करा. त्यांच्या मागं वीस फूट मोकळे. ५० एफ १.८ नं बावीस मिलिमीटर! आणि अशा घरात लग्नसराईंची ८५ पण बसते, तीसच्या वर ब्लर देते, ते मान्य. पण तुम्हाला एकच लेन्स घ्यायची आहे आणि प्रत्येक घर तसं मिळणार नाही. ५० एफ १.८ घ्या, स्टॅबिलायझर असलेली. तुमच्या बॉडीत तो नाही.

फुल फ्रेमबद्दल: फरक पडतो. तीच फ्रेम, तेच अंतर, तोच एफ नंबर असेल तर दीडपट लांब लेन्स लागते, म्हणून भोक दीडपट. पण खुर्ची पुढं ओढून चौपट मिळत असताना दीडपटीसाठी लाख-दीड लाख घालायचे असतील तर तुमची मर्जी.


निपाणीची सून

हिशेब पटला. पण मला वेगळंच विचारायचंय. एवढं सगळं पुसून टाकायचंय कशाला?

मी निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांशी बोलते. काही जणी १९८१ च्या तंबाखू आंदोलनात हायवेवर बसलेल्या शेतकऱ्यांच्या घरच्या. सुरुवातीला मीपण एफ १.८ वर सगळं धूसर करून बसायचे. दिसायला छान, मोठ्या चॅनलवरच्यासारखं. पण एका मावशींचं घेतलेलं बघताना लक्षात आलं, त्या बोलताना विडी वळतायत. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं, तंबाखूचा ढीग, दोऱ्याचं रीळ. बोटं बघायची असतात ओ! पान घेतलं, चिमूट टाकली, गुंडाळलं, टोक नखानं आत दाबलं, दोरा मारला, आणि या सगळ्यात नजर एकदाही खाली नाही. चेहऱ्यावर फोकस असला की सूप फूट-दीड फूट पुढं येतं, ते एफ १.८ ला पार वितळून जातं. मागच्या भिंतीच्या नादात पुढचे हात गेले.

आता मी हातांचा शॉट वेगळा घेते, आणि मुलाखत एफ ४ च्या आसपास. मागची भिंत ओळखू येते, पण वाचता येत नाही. घर कुणाचं आहे ते कळलं पाहिजे, डबा कुठल्या कंपनीचा ते नको. कांडीवाले, तुमच्या आज्जांच्या घरात जुना माग शिल्लक असेल तर तो मागं ठेवा आणि त्याला पूर्ण पुसू नका, एवढं माझं ऐका.


व्हीएचएसवाला, शहापूर

बाईंचं खरं आहे. फ्रिज पुसायचा, माग नाही. मागं काय ठेवायचं हे एकदा ठरवलं की मग एफ नंबर. शिवाय एफ १.८ चा दुसरा त्रास आहेच. ५० वर साडेपाच फुटांना जेमतेम आठ सेंटिमीटर खोलीचं फोकसमध्ये राहतं. चार बोटं म्हणा. डोळे ठळक, कान मऊ. एफ २.८ ला बारा सेंटिमीटर मिळतात, म्हाताऱ्या माणसांसाठी मी तिथंच थांबतो. बोलता बोलता माणूस पुढं झुकणारच. प्लास्टिकची डुगडुगती खुर्ची आणि झोपाळा दोन्ही टाळा. पाठ टेकेल अशी लाकडी खुर्ची द्या आणि कॅमेऱ्याचा आय ऑटोफोकस (डोळ्यावर फोकस धरून ठेवणारा) चालू ठेवा. जाड भिंगाच्या चष्म्यावर उजेड चमकला की तो गोंधळतो, तेव्हा दिवा जरा वर आणि बाजूला न्यायचा.

दिव्यावरनं आठवलं. ब्लरपेक्षा स्वस्त उपाय अंधार आहे. पॅनेल चेहऱ्यापासून दोन फुटांवर आणि भिंत पॅनेलपासून सहा फुटांवर असेल तर भिंतीवर चेहऱ्याच्या नवव्या हिश्शाएवढाच उजेड पोचतो. तीन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा)! फ्रिज पांढरा असला तरी राखाडी होऊन मागं बसतो. मात्र खोलीतली ट्यूब बंद करा. आणि आमच्याकडच्या त्या पोपटी, आकाशी ऑइलपेंटच्या भिंती उजेड परत फेकतात, चेहऱ्याची एक बाजू हिरवट दिसते. त्या बाजूला फ्रेमच्या बाहेर काळं घोंगडं टांगा. घोंगडं आवाज पण पितं.


कांडीवाला, वडगाव

व्हीएचएसवाले, आज जाऊन टेप लावून आलो. आज्जा म्हणाले, "घर विकत घेतासा काय?" 😄

तुम्ही म्हणता तसं आहे, दारं एका रेषेत. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागं परसू. माजघरात छपराला काचेचं एक कौल आहे, त्यातनं उजेडाचा पट्टा बरोबर मधे पडतो. आज्जांना तिथं बसवून किट लेन्सवरच बघितलं. फरक आहे! पण तीन भानगडी निघाल्या.

एक, परसूचं दार उघडं असलं की मागं नुसता पांढरा चौकोन दिसतो, डोळ्यात खुपतो. दार लावलं तर अंधारगुडूप. दोन, काचेच्या कौलाखाली आज्जांच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. तीन, आणि ही सगळ्यात अवघड, पुढची मुलाखत आज्जींची आहे आणि माजघरात मागच्या बाजूला देव्हारा आहे. आज्जी म्हणतात देवाकडं पाठ करून मी बसणार नाही. त्यांना कसं समजवायचं?

आणि शेजारी यंत्रमाग. खटाखट खटाखट. माइक कॉलरला असला तरी येतोच.


व्हीएचएसवाला, शहापूर

आज्जींना समजवायचं नाही. आज्जी बरोबर आहेत. खुर्ची थोडी फिरवा आणि तुम्ही सोप्यातच, पण दाराच्या एका कडेला सरका. देव्हारा त्यांच्या पाठीमागं न येता एका अंगाला, फ्रेमच्या कडेशी येईल. देव्हाऱ्यात लाल झिरोचा बल्ब असेलच. तो लावून ठेवा. ब्लर उठून दिसतो तो असल्या लहान उजेडाच्या ठिपक्यामुळं. सपाट भिंत कितीही धूसर केली तरी ती भिंतच दिसते, लाल ठिपक्याचा मात्र मोठा गोल होतो. आज्जीपण खूश, देवपण फ्रेममध्ये. एफ १.८ ला गोल अगदी वाटोळा येतो, एफ ४ ला पाकळ्यांचे कोपरे दिसायला लागतात.

पांढऱ्या चौकोनाचं. परसू कुठल्या दिशेला आहे? पूर्वेला असेल तर सकाळी ऊन थेट तिथं पडतं, तुम्ही दुपारनंतर जा. पश्चिमेला असेल तर उलटं. परसू सावलीत असलं की चौकोन अर्ध्यानं शांत होतो. तरी भडक वाटला तर स्वयंपाकघराच्या दारात जुनं विरलेलं लुगडं सोडा. विणकराच्या घरात लुगड्याला काय तोटा? उजेड गाळून येईल आणि मागं रंग मिळेल. एक्स्पोजर चेहऱ्यावर लावा, मागचा चौकोन थोडा गेला तरी चालेल. झेब्रा (जास्त उजेडाच्या जागी स्क्रीनवर रेघा दाखवतो तो) चालू केला तर कुठं जातंय ते दिसतं.

शटर १/५० सेकंद ठेवा, सेकंदाला २५ फ्रेम असताना. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब किंवा एलईडी चालू राहिला तरी पट्टे येणार नाहीत. घरात एनडी फिल्टर (लेन्ससमोरची उजेड कमी करणारी काच) बहुधा लागत नाही. पण माणूस दाराच्या तोंडाशी उजेडात बसला आणि एफ १.८ वर आयएसओ (सेन्सरची उजेड पकडायची ताकद) १०० करूनही चेहरा पांढरा पडत असला, तर शटर वाढवू नका, हात उडल्यासारखे दिसतात. मग एनडी. लॉगमध्ये (नंतर रंग बसवायचा फिका मोड) शूट करत असाल तर आयएसओ मुळातच वर असतो, तेव्हा तो लवकर लागेल.

डोळ्यांतले खड्डे: काचेच्या कौलाच्या बरोबर खाली बसवू नका, फूटभर मागं, म्हणजे उजेड थोडा समोरनं उतरेल. आणि मांडीच्या खाली, फ्रेमच्या बाहेर, पांढरा थर्माकोल किंवा चौघडी धोतर पसरा. खालनं उजेड उसळून खड्डे भरतात. पावसाळ्यात ते कौल काही कामाचं नसतं, आषाढात दुपारी दोनला पण आपल्याकडं संध्याकाळ असते. तेव्हा पॅनेलवर पांढरा कपडा घालून तेच काम घ्या.

मागाच्या आवाजाला लेन्स नाही. मागाची सुट्टी ज्या दिवशी असते तो दिवस धरा. सोप्याच्या रस्त्याकडच्या दाराला वाकळ टांगा, दोन असल्या तर दोन. माइक छातीवर एक वीत खाली, पदराला घासणार नाही असा.


निपाणीची सून

आणि लाईट गेली तर पटकन मुलाखत सुरू करा. माग बंद, शेजारचा टीव्ही बंद, मिक्सर बंद. कॅमेरा आणि पॅनेल दोन्ही बॅटरीवर चालतात. फक्त झिरोचा बल्ब जाईल, त्याच्या जागी निरांजन लावायला आज्जींनाच सांगा.


कांडीवाला, वडगाव

😄 आज्जी ऐकतील असं दिसतंय. ५० एफ १.८ ठरली. घ्यायच्या आधी एकदा कुणाची तरी लावून बघायला मिळाली असती तर बरं झालं असतं, भाड्यानं दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडे लग्नांच्या तारखांमुळं बाहेर गेलेल्या.


लग्नसराई, चिकोडी

माझ्याकडे सोनीची ५० आहे, ८५ च्या प्रेमात पडल्यापासून बॅगेतच झोपलीय. गुरुवारी बेळगावात कार्य आहे, टिळकवाडीत दुसऱ्या गेटजवळ. दुपारी येऊन घेऊन जा, सोमवारपर्यंत ठेवा. आणि ३५ वर ब्लर जास्त येतो हा हिशेब मी आत्ता कागदावर तीनदा केला. व्हीएचएसवाले, चहा माझ्याकडून.